आरोग्यविचार : छातींतील कळ आणि रक्तांतील उजेड

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्या लिहितात कीं, "रक्ताच्या थेंबावर प्रकाश पाडून पांच-सात मिनिटांत हृदयविकाराच्या झटक्याचें निदान होतें असें ऐकिलें. आमचे मामंजी ७२ वर्षांचे असून त्यांना मधून मधून छातींत कळ येते. ही परीक्षा घरीं करतां येईल काय? आणि ती केली म्हणजे कार्डिओग्राम, इस्पितळ वगैरे यातायात चुकेल काय?" पत्राच्या शेवटीं एक ओळ घाईनें जोडलेली दिसते : "इस्पितळाचें नांव काढलें कीं मामंजी रागावतात."

सगळ्या पत्रांत ही शेवटची ओळच आम्हांस अधिक महत्त्वाची वाटली. तथापि भगिनीनें विचारलें तें आधीं सांगितलें पाहिजे. कारण तिनें ऐकलेलें निव्वळ खोटें नाहीं, आणि जसें ऐकलें तसें पुरतें खरेंही नाहीं.

प्रथम झटका म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. हृदय सार्‍या देहास रक्त पुरवितें, परंतु स्वतःच्या स्नायूंस रक्त मिळावें म्हणून त्याला निराळ्या रोहिण्या आहेत. त्यांपैकीं एखादींत गुठळी अडकली म्हणजे पलीकडचा स्नायू उपाशी पडतो आणि अर्ध्या तासाच्या आंतच मरावयास लागतो. मेलेला हा स्नायू पुन्हां उगवत नाहीं. त्या जागीं केवळ वण राहतो. म्हणून या दुखण्यांत घड्याळास जें महत्त्व आहे तें दुसर्‍या फार थोड्या दुखण्यांत असेल.

आतां, स्नायू मेला हें बाहेरून ओळखावयाचें कसें? छातींत दुखणें ही कांहीं खात्रीची खूण नव्हे. पित्त, वायु, बरगडीचा सांधा, मनाचा घोर, या सर्वांनीं छाती दुखते. आणि उलट खर्‍या झटक्यांत कित्येकदां छाती न दुखतां जबडा, पाठ किंवा डावा खांदाच दुखतो. कार्डिओग्राम कांहीं रोग्यांत तत्काळ आणि स्पष्ट बोलतो. तो तसा बोलला तर रक्ताच्या परीक्षेची वाट न पाहतां बंद रोहिणी मोकळी करण्याच्या मार्गास लागावें, हा सर्वमान्य नियम आहे. परंतु पुष्कळ झटक्यांत पहिला कार्डिओग्राम मुग्ध राहतो. अशा वेळीं रक्तास विचारावें लागतें.

रक्तास विचारण्याची युक्ति प्रथम साधली ती १९५४ सालीं, अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें. लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन या तिघांनीं असें दाखविलें कीं, हृदयाचा स्नायू मेला म्हणजे त्यांतील एक विकर रक्तांत सांडतें व तें मोजतां येतें. गंमत अशी कीं, ही पहिली मोजणीसुद्धां प्रकाशाचीच होती. डोळ्यांस न दिसणारा, जांभळ्याच्या पलीकडचा प्रकाश रक्तरसांतून जाऊं द्यावयाचा आणि ठराविक रासायनिक क्रिया चालू असतां तो किती शोषला जातो हें पाहून विकराचें मान काढावयाचें, असा तो प्रकार. दोष इतकाच कीं, तेंच विकर यकृतांत आणि हातापायांच्या स्नायूंतही असतें. त्यामुळें काविळीच्या रोग्याचें रक्तही हृदयरोग्यासारखें बोलूं लागे. पुढें दुसरीं विकरें आलीं व तीं अधिक कामास आलीं, परंतु केवळ हृदयाचीच म्हणावी अशी खूण कांहीं हातीं लागेना.

ती खूण जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनीं १९६० च्या दशकांत स्नायूंच्या आकुंचनाचा अभ्यास करतांना शोधलेल्या प्रथिनांत दडलेली होती. त्यांनीं त्यास ट्रोपोनिन असें नांव दिलें. याचे तीन भाग असतात, आणि त्यांपैकीं दोहोंची हृदयांतील घडण इतर स्नायूंतील घडणीहून वेगळी असते. एकाच घराण्यांतल्या भावांचे चेहरे सारखे असले तरी घरच्या माणसास ते अंधारांतही आवाजावरून ओळखूं येतात, तसाच हा प्रकार. १९८० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत व जर्मनींत हा भेद ओळखणार्‍या परीक्षा तयार झाल्या. हायडेलबर्ग येथील ह्यूगो काटुस यांचें नांव यांत विशेष घेतलें जातें. आज जगांत कोठेंही झटक्याची शंका आली कीं ट्रोपोनिनच पाहतात.

हें ट्रोपोनिन निरोगी माणसाच्या रक्तांत किती असतें हें सांगितलें तर वाचकांस अतिशयोक्ति वाटेल. प्रचारांतील एका परीक्षेची वरची मर्यादा लिटरमागें १४ नॅनोग्रॅम आहे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा अंश. बारीक मिठाचा एक कण चार हजार लिटरच्या टांकींत विरघळवावा, म्हणजे जेमतेम इतकें प्रमाण होईल. हें मोजावयाचें, आणि तेंही इतकें अचूक कीं दोन तासांनीं तें थोडें वाढलें तर तें वाढल्याचें कळावें! हिशेबाचा वहीखाता सांभाळणार्‍या गृहिणींस या कामाची अवघडता सहज उमजेल.

येथें प्रकाश कामास येतो, आणि तो कसा तें सविस्तर सांगण्याजोगें आहे. लोहचुंबकाकडे ओढले जातील असे अतिसूक्ष्म मणी घेतात. त्यांवर ट्रोपोनिन तेवढें पकडणारीं प्रतिपिंडें बसवितात. रक्तरस मिसळला कीं ट्रोपोनिन त्यांस चिकटतें. मग दुसर्‍या प्रकारचीं प्रतिपिंडें सोडतात. हीं त्याच ट्रोपोनिनाच्या दुसर्‍या बाजूस चिकटतात व प्रत्येकाच्या पाठीशीं एक प्रकाशणारें द्रव्य बांधलेलें असतें. चुंबकानें मणी धरून ठेवून बाकीचें सारें धुवून टाकतात. उरलेल्या मण्यांस विशिष्ट रसायन किंवा विजेचा सूक्ष्म प्रवाह दिला म्हणजे तें द्रव्य क्षणभर चमकतें, आणि अंधार्‍या कोठडींत बसविलेली एक नळी ती चमक मोजते. जितकें ट्रोपोनिन अधिक तितका उजेड अधिक.

साधा रंग मोजण्यापेक्षां हा उजेड मोजणें चांगलें कां, असें आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं आम्हांस विचारलें होतें. उत्तर सोपें आहे. भर दुपारीं अंगणांत दिव्याची ज्योत थोडी मंदावली तर ती कोणाच्या लक्षांत येणार? परंतु अमावास्येच्या रात्रीं शेताच्या पलीकडे एक काजवा लुकलुकला तरी तो दिसतो. मागें अंधार असल्यामुळें अल्प उजेडही मोजतां येतो. एवढेंच या विद्येचें मर्म. जर्मनींत आल्ब्रेख्त यानें ल्युमिनॉल नांवाच्या द्रव्याची अशी शीतल चमक १९२८ सालींच वर्णिली होती. तेव्हां तिचा उपयोग माणसाच्या हृदयाकडे होईल असें कोणास वाटलें असेल?

आतां आमच्या घरची एक हकीकत सांगतों; कारण परीक्षा उत्तम असूनही ती वाचणारे आपणच कसे चुकतों तें तींतून कळेल.

गेल्या वर्षीं आश्विनांत आमच्या आत्याबाईंना रात्रीं जेवणें आटोपल्यावर नऊच्या सुमारास पाठींत व जबड्यांत दुखूं लागलें. छातींत विशेष कांहीं नाहीं, केवळ घाम आणि मळमळ. घरांत अकरा माणसें, आणि अकराहि वैद्य! एकीनें ओवा-सैंधव दिलें, दुसरीनें हिंग चोळला, आम्हीं स्वतः "श्रीखंड जड पडलें असेल" असें शास्त्र सांगितलें. दीड तास असा गेला. शेवटीं थोरल्या सूनबाईनें कोणास न विचारतां गाडी बोलाविली. इस्पितळांत पोंचलों तेव्हां पावणेअकरा झाले होते. कार्डिओग्रामांत ठळक कांहीं दिसलें नाहीं. रक्त घेतलें, तासाभरानें आंकडा आला ९. स्त्रियांसाठीं त्या परीक्षेची मर्यादा १६ आहे.

आंकडा ऐकतांच आम्हीं सर्वांनीं सुटकेचा श्वास टाकला. आत्याबाई तर चपला घालूं लागल्या. "रिपोर्ट चांगला आला, आतां कशाला येथें बसावयाचें?" असें म्हणणार्‍यांत आम्हीही होतों, हें कबूल केलें पाहिजे. कामावर असलेल्या तरुण डॉक्टरीणबाई मात्र दारांत उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "आजी, दुखणें नऊला सुरू झालें आणि रक्त अकराला घेतलें. मेलेल्या स्नायूंतून ट्रोपोनिन रक्तांत यावयास वेळ लागतो. दोन वाजतां पुन्हां रक्त घेतल्याशिवाय मी तुम्हांला सोडणार नाहीं." आमच्यांतील एका वडील माणसानें त्यांना थोडें टाकून बोललें; त्यांनीं तें ऐकून घेतलें व जागची हलल्या नाहींत. दोन वाजतां घेतलेल्या रक्तांत आंकडा आला ७४. सकाळीं हृदयाच्या रोहिण्यांचें चित्र घेतलें, तों एक रोहिणी जवळजवळ बुजलेली. ती त्याच दिवशीं मोकळी करण्यांत आली.

त्या रात्रीं आम्ही ९ हा आंकडा घेऊन घरीं गेलों असतों तर काय झालें असतें, हें लिहावयास लेखणी धजत नाहीं.

म्हणून या परीक्षेंत एका आंकड्यास अर्थ नाहीं, दोन आंकड्यांस आहे, आणि त्या दोहोंमधील वेळेस तर सर्वांत अधिक आहे. हल्लींच्या अतिसंवेदनशील परीक्षा वापरून एक, दोन किंवा तीन तासांच्या अंतरानें दोनदां रक्त पाहण्याचे जे नियम यूरोपांत व इतरत्र ठरले आहेत, ते याच कारणासाठीं. आंकडा चढत असेल किंवा चढून उतरत असेल तर तो ताजा घाव. वर असून तेथेंच स्थिर असेल तर कारण दुसरें असूं शकेल. मूत्रपिंडें दुबळीं झालेल्या माणसाचें ट्रोपोनिन नेहमींच चढें असतें. हृदयाला सूज, अंगांत पसरलेला जंतुदोष, दीर्घ काळचें हृदयदौर्बल्य, यांतही तें चढतें. तेव्हां चढलेला आंकडा पाहून घाबरून जाणें व पहिला आंकडा पाहून निर्धास्त होणें, दोन्ही सारखींच अडाणीपणाचीं. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनीं आपला नेहमींचा आंकडा कागदावर लिहून जवळ ठेवावा. आणीबाणींत डॉक्टरांस त्याचा फार उपयोग होतो.

वर १६ ची मर्यादा सांगितली ती स्त्रियांची. त्याच परीक्षेंत पुरुषांची ३४ आहे, कारण निरोगी स्त्रीच्या रक्तांत ट्रोपोनिन मुळांतच कमी असतें. दोघांस एकच माप लावलें तर स्त्रियांचे लहान झटके निसटतात. आपल्या घरांतून स्त्रीचें दुखणें आधींच उशिरां ऐकलें जातें. त्यांत मापही पुरुषाचें लावलें तर मग बोलावयास नको.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या मतें प्रत्येक घरीं माहीत असावी. केस गळूं नयेत, नखें मजबूत व्हावींत म्हणून आजकाल पुष्कळ मुली व सुना बायोटिनच्या गोळ्या घेतात. मनुष्यास दिवसाला सुमारें ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतें. कित्येक गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या शेंकडों पट असतें. वर सांगितलेले मणी व प्रतिपिंडें एकमेकांस जोडण्यासाठीं अनेक कारखानदार बायोटिनचीच कडी वापरतात. रक्तांत आधींच बायोटिनचा पूर असला तर काय होतें? पंगतींत पानें मांडलीं आहेत, आणि आमंत्रितांच्या आधीं आगंतुक येऊन बसले. आमंत्रित बिचारे दारावरूनच परत गेले, अशी गति होते. ट्रोपोनिनास मण्यावर जागा मिळत नाहीं, तें धुवून जातें, उजेड कमी पडतो, आणि यंत्र 'सर्व ठीक' म्हणतें. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें २०१७ सालीं याविषयीं जाहीर इशारा दिला. त्यांत, बायोटिन भरपूर घेणार्‍या एका रोग्याचें ट्रोपोनिन खोटें कमी आल्यावर मृत्यु झाल्याचें नमूद आहे. तेव्हांपासून कित्येक परीक्षांची घडण सुधारली आहे, परंतु सर्वच ठिकाणीं नवीन परीक्षा असेल असें धरून चालूं नये. इस्पितळांत गेल्यावर "केसांच्या गोळ्या चालू आहेत" हें सांगण्यास लाजूं नये, एवढेंच.

आतां भगिनीच्या मूळ प्रश्नाकडे. पांच-सात मिनिटांची जी परीक्षा तिनें ऐकली ती बहुधा अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील असावी. पेंग झेंग, ईशान बर्मन प्रभृति संशोधकांचें तें काम २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. हिच्या मुळाशीं असलेलें तत्त्व मात्र आपल्याच देशांत सांपडलेलें आहे, आणि म्हणून येथें किंचित् विषयांतर करण्याचा मोह आवरत नाहीं. चंद्रशेखर वेंकट रामन् १९२१ सालीं विलायतेहून बोटीनें परत येत असतां भूमध्य समुद्राच्या निळाईनें त्यांचें लक्ष वेधलें. ही निळाई आकाशाचें नुसतें प्रतिबिंब नव्हे, पाणी स्वतःच प्रकाश विखुरतें, अशी त्यांची खात्री झाली. कलकत्त्यास येऊन त्यांनीं व के. एस. कृष्णन् यांनीं प्रयोग चालविले आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं असें आढळलें कीं, विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प भाग रंग बदलून येतो. तो बदल कसा व्हावा हें ज्या रेणूवर प्रकाश आपटला त्या रेणूच्या घडणीवर ठरतें. म्हणजे प्रत्येक पदार्थ आपली सही करून प्रकाश परत पाठवितो! १९३० चें नोबेल पारितोषिक याच शोधास मिळालें.

अडचण एकच : ही सही फार फिकी. कोट्यवधि किरणकणांपैकीं एखादाच अशा रीतीनें रंग बदलतो. १९७४ सालीं इंग्लंडांत साउदॅम्प्टन येथें खडबडीत केलेल्या चांदीच्या पृष्ठभागावर ही सही अतोनात ठळक उमटते असें दिसून आलें, आणि पुढें तिची वाढ लाखों पटींची असल्याचें समजलें. हॉपकिन्सच्या मंडळींनीं याच मार्गानें जाऊन धातूची अतिसूक्ष्म नक्षी असलेली एक चकती तयार केली. तिच्यावर रक्ताचा थेंब ठेवून प्रकाश पाडला कीं झटक्याच्या खुणा अल्प प्रमाणांत असल्या तरी त्यांची सही वाचतां येते, असें त्यांचें म्हणणें. काम सुंदर आहे. परंतु त्यांनीं सिद्ध केलें तें तत्त्व. मोठ्या संख्येनें रुग्णांवर पडताळा घेणें ही पुढची पायरी असें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. अशा पायर्‍या चढावयास वर्षें लागतात, आणि कित्येक चांगल्या कल्पना जिन्यांतच राहतात.

दुसरा एक प्रयोग तर रक्त न काढतांच करण्याचा आहे. मनगटावर पट्टा बांधून त्वचेंतून अवरक्त प्रकाश सोडावयाचा व ट्रोपोनिन चढलें आहे कीं नाहीं याचा अंदाज पांच मिनिटांत घ्यावयाचा. हा प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील २३८ रुग्ण हे आपल्या देशांतील पांच ठिकाणच्या इस्पितळांतले होते. अंदाज शेंकडा ९० च्या आसपास बरोबर आला. हें कौतुकास्पद खरें, पण राहिलेले दहा कोणाचे तरी मामंजी असतात. शिवाय हा पट्टा आंकडा सांगत नाहीं. चढलें किंवा न चढलें एवढेंच सांगतो. रुग्णवाहिकेंत किंवा खेड्यांतील दवाखान्यांत, जेथें मोठें यंत्र नाहीं तेथें, कोणास आधीं शहराकडे न्यावें हें ठरविण्यास असलें साधन पुढें मोलाचें ठरेल असें आम्हांस वाटतें. घरच्या कपाटांत ठेवण्याचें तें साधन नव्हे.

बाजारांत मिळणार्‍या मनगटी घड्याळांविषयीं मात्र गैरसमज नसावा. त्यांच्या पाठीवरील हिरवा दिवा नाडी मोजतो, तांबडा दिवा रक्तांतील प्राणवायूचा अंदाज करतो, कांहीं घड्याळें एका परीचा कार्डिओग्रामही काढतात. ट्रोपोनिन त्यांतलें एकही मोजीत नाहीं. घड्याळ गप्प आहे म्हणून हृदय ठीक आहे असें मानूं नये.

तेव्हां भगिनीस आमचें उत्तर असें कीं, ही परीक्षा घरीं होणार नाहीं आणि इस्पितळाची यातायात चुकणार नाहीं. मामंजींना मधून मधून कळ येते ती चालतांना, जिना चढतांना येते व बसल्यावर थांबते काय, हें पाहावें आणि या आठवड्यांतच त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यावें; त्यासाठीं झटक्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. बसल्या जागीं कळ आली व ती दहा-पंधरा मिनिटांत थांबली नाहीं, किंवा घाम, धाप, मळमळ सोबत आली, तर ओवा-हिंगाचा डबा न उघडतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अॅस्पिरिनची गोळी द्यावयाची कीं नाहीं हें डॉक्टरांना फोनवरच विचारावें. ज्यांना ती सोसत नाहीं किंवा ज्यांचें रक्त वाहण्याचा धोका आहे त्यांना ती अपाय करते. आणि दुखणें नेमकें किती वाजतां सुरू झालें तें कागदाच्या कपट्यावर लिहून बरोबर न्यावें. इस्पितळांत प्रत्येक जण निराळी वेळ सांगतो. आमच्या घरच्या अकरा जणांनीं पांच वेळा सांगितल्या होत्या.

मामंजींच्या रागाचें काय करावें, हें आम्हांसही पुरतें ठाऊक नाहीं. आमच्या आत्याबाई चपला घालून निघाल्या होत्या, त्यांना कोणीं थांबविलें नाहीं. डॉक्टरीणबाईंनीं त्यांचा हात धरून नुसती वेळ सांगितली, नऊ आणि अकरा, आणि मधलीं दोन तासांची मोजणी त्यांच्या बोटांवर करून दाखविली. त्या बसल्या. आज त्या बर्‍या आहेत, सकाळ-संध्याकाळ अंगणांत फेर्‍या घालतात. उशाशीं ओव्याची डबी अजून असते. तिच्या झांकणावर सूनबाईनें १०८ हा आंकडा मोठ्या अक्षरांत चिकटविला आहे.